पाचव्या गटाचे सहा उंदीर

गेल्या महिन्यापर्यंत आमच्या प्रयोगशाळेत उंदरांना औषध पाजण्याचं काम माझ्याकडे होतं. उगीच फुशारकी मारत नाही, पण त्या इमारतीत माझ्याइतक्या हलक्या हाताने ते कुणालाच जमत नाही. डाव्या हाताने मानेमागची सैल कातडी धरायची, शेपटी करंगळीखाली दाबायची, आणि उंदीर उताणा झाला की टोकाला बारीक गोळी असलेली वाकडी सुई गालाच्या कडेने आत सोडायची. ढकलायची नाही. उंदीर आपला आपण गिळतो. ज्याला घाई होते त्याची सुई श्वासनलिकेत जाते आणि जनावर जागच्या जागी संपतं. मोठमोठ्या पदव्या घेऊन नवी पोरं येतात आणि पहिल्याच दिवशी बोट चावून घेतात. मी औषध लावून देते आणि वर दोन शब्द सुनावते. पदवीला दात नसतात, उंदराला असतात, हे माझं ठरलेलं वाक्य.

राग माझ्या नाकावर बसलेला असतो. लोक म्हणतात, जिभेवर साखर ठेव. उंदरांशी बोलताना ठेवतेच की. माणसांशी बोलताना ती कुठे जाते कोण जाणे. या स्वभावापायी बरीच माणसं दुखावली आणि त्यातली बहुतेक ते विसरूनही गेली. एक दुखणं मात्र माझ्याच गळ्यात पडलं. तेच सांगायला बसले आहे.

माझा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटर म्हणत. लग्नानंतर महिनाभर मी 'अहो' म्हणून पाहिलं, पण हाक मारली की मलाच हसू यायचं. मग मीही पेंटरच म्हणायला लागले. अक्षर इतकं वळणदार की न्हाव्याच्या दुकानाची पाटी वाचायला माणसं थांबायची आणि थांबलोच आहोत तर दाढी करून जायची. हे तोच सांगायचा, त्यामुळे निम्मं खोटं असणार. बत्तीस वर्षं तो रंगात आणि थिनरमध्ये हात घालून बसला. कामाच्या खोलीला खिडकी एकच, तीही ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून बंद. संध्याकाळी घरी आला की शर्टाला थिनरचा गोडसर, डोक्यात जाणारा वास यायचा. मी शर्ट चिमटीत धरून बाल्कनीत टाकायचे आणि नाक मुरडायचे. आज तो वास कुणी बाटलीत भरून दिला तर उशाशी ठेवीन.

पंचावन्नाव्या वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "किती पिता?" तो म्हणाला, "रोज चार कप, साखर कमी." आम्ही दोघं तिथेच हसलो. मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की यकृत निबर झालंय, वर्षानुवर्षं थिनर हुंगल्याचा परिणाम, आता फार काही होण्यासारखं नाही. मी आत आले आणि त्याला म्हणाले, "गोळ्या दिल्यात. पथ्य सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी त्याने पाला मागितला.

त्याची आई कावीळ झालेल्या माणसांना एका झुडपाचा पाला वाटून रस द्यायची. ते झुडूप त्यांच्या जुन्या घरामागच्या खडकाळ उतारावर वाढतं, दुसरीकडे कुठे मी पाहिलेलं नाही. त्याला घरात सगळे 'आईचा पाला' म्हणत. पोरांना कावीळ असो नसो, वर्षातून आठ दिवस तो प्यावा लागायचा. सासूबाई गेल्या, आणि ते घर नि तो उतार वन्संकडे राहिला. वन्सं म्हणजे माझी नणंद, पेंटरची थोरली बहीण.

"ताईला फोन कर ना," तो म्हणाला. "दोन जुड्या पाठवून देईल."

इथे माझं नाक आडवं आलं. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात वन्सं चारचौघांत म्हणाल्या होत्या, "माझ्या भावाला उपाशी ठेवतेस का गं? हाडं मोजून घ्यावीत असा झालाय." पन्नास माणसं हसली. मी भरलं ताट तसंच ठेवून उठले आणि मनाशी गाठ मारली, या बाईला मरेपर्यंत फोन करायचा नाही. खरं तर त्याचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. त्यांच्या डोळ्यांना ते दिसलं, रोज समोर बसून जेवणाऱ्या मला दिसलं नाही. पण हे सुचायला मला उशीर लागला.

मी पेंटरला सांगितलं, "केला फोन. पाठवतायत."

चार दिवसांनी मी बाजारातून मेथीची जुडी आणली, पानं वाटली, फडक्यातून गाळली आणि पेला त्याच्या हातात दिला. डॉक्टर म्हणालेच होते, काही उपयोग नाही. मग ज्याचा उपयोग नाही त्यासाठी त्या बाईपुढे नाक कशाला घासायचं, असा माझा विचार. त्याने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आईच्या हातचा जरा जास्त कडू असायचा." मग पेला रिकामा केला. सव्वा महिना रोज सकाळी त्याने तो पेला रिकामा केला. मग तो गेला.

वन्सं पोहोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. रडून झाल्यावर मला म्हणाल्या, "एक फोन करायचास. आईच्या पाल्याने किती माणसं उठून बसली. मी अनवाणी घेऊन आले असते." मी त्यांना पाणी आणून दिलं. त्यांना मेथीचं माहीत नव्हतं, त्यांना वाटलं मी काहीच दिलं नाही. त्याला आता चार वर्षं झाली. त्या वाक्याला झोप लागत नाही, रोज सकाळी ते माझ्या आधी उठून बसलेलं असतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी पीएचडी करायला आली. तिला सगळे पीएचडीच म्हणतात, तिच्या तोंडावरसुद्धा. औषधी वनस्पतींचा अर्क यकृताला वाचवतो का, हे उंदरांवर तपासायचं, असा तिचा विषय. पण वनस्पती ठरेना. तिने सुचवलेल्या तिन्ही वनस्पती तिच्या मार्गदर्शक सरांनी नापास केल्या. "हिच्यावर चाळीस पेपर झालेत. हिच्यावर साठ. तुमचं नवीन काय?" ती कोपऱ्यात बसून चहात बिस्कीट बुडवत होती. बिस्कीट विरघळून तळाला गेलं तरी तिला पत्ता नाही.

मी पिंजरे पुसत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक पाला आहे. काविळीवर देतात. त्याच्यावर एकही पेपर नसेल."

"मावशी!" ती उठूनच उभी राहिली. "कुठे मिळेल?"

आता बोलून बसले होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. जो फोन नवऱ्यासाठी केला नाही तो इतक्या वर्षांनी परक्या पोरीच्या पदवीसाठी करावा लागला. आकडे दाबताना माझी बोटं गार पडली होती.

"कशाला हवाय?" वन्संनी विचारलं.

"तपासायचाय. चालतो का ते."

"चालतोच. त्यात तपासायचं काय?" मग म्हणाल्या, "किती पाठवू?"

पंधरा दिवसांनी सावलीत वाळवलेल्या पाल्याची दोन पोती आली. पोत्यांची तोंडं त्यांनी स्वतः शिवली होती, एकसारखे टाके. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी पानं तपासून त्याला लांबलचक लॅटिन नाव दिलं, पीएचडीने तो दळला, आणि दळण चाळताना मी चिमूटभर भुकटी जिभेला लावली. प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही, हे मीच नव्या पोरांना ओरडून शिकवते.

मेथी त्याच्यापुढे साखर. मी तोंड धुतलं, चहा प्यायले, पुन्हा तोंड धुतलं. संध्याकाळपर्यंत जीभ कडूच. आणि घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की लहानपणापासून हा पाला प्यायलेला माणूस मेथीच्या पाण्याने फसणं शक्यच नाही. पेंटरला पहिल्या घोटालाच कळलं होतं. कळलं होतं आणि सव्वा महिना तो माझ्या हातचं मेथीचं पाणी निमूट पीत राहिला. एकदाही म्हणाला नाही, की अगं, हा पाला नव्हे. का? माझं खोटं उघडं पडू नये म्हणून? फोन करणं मला किती जड जातंय ते ओळखून? की पेल्यात काय आहे याच्याशी त्याला कर्तव्यच नव्हतं, सकाळी मी पेला घेऊन समोर उभी राहिले की झालं? हे त्याला विचारायला हवं होतं. मला देवाकडे दुसरं काही मागायचं नाही. पाच मिनिटं द्यावीत, तेवढं विचारण्यापुरता तो द्यावा. माझा थांबा मागे पडला, दोन थांबे पुढे जाऊन उतरले आणि चालत मागे आले.

प्रयोगाची आखणी सरांच्या खोलीत झाली. पीएचडीने फळ्यावर चार गट काढले, प्रत्येकात सहा उंदीर. पहिला नुसताच, त्याला काही नाही. दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा यकृत बिघडवणारं रसायन, सहा आठवडे, आणि औषध म्हणून साधं पाणी. तिसऱ्याला आठवडाभर आधीपासून पाल्याचा अर्क रोज, आणि मग अर्क चालू ठेवून तेच रसायन. चौथ्याला अर्काच्या जागी बाजारातलं माहीत असलेलं औषध. दुसऱ्याचं यकृत खराब झालं आणि तिसऱ्याचं टिकलं तर पाला खरा.

"आणि आधी बिघडलं, मग पाला दिला तर?" मी विचारलं. मी तिथे फक्त वजनांची वही द्यायला गेले होते.

सर हसले. "बाई, आपण संरक्षण तपासतोय. छत्री भिजण्याआधी उघडायची असते."

"पण माणसं भिजल्यावरच येतात ना छत्री मागायला. आजारी पडायच्या आधी कोण औषध घेतं?"

"हे म्हणजे वरातीमागून घोडं," सर म्हणाले. पण पीएचडीने माझ्याकडे पाहिलं आणि खडूने पाचवा चौकोन काढला. पाचवा गट: चार आठवडे रसायन, आणि शेवटचे दोन आठवडे त्याच्या जोडीला अर्क. जनावरांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने सहा उंदीर जास्तीचे मंजूर केले. त्या दिवसापासून पाचव्या गटाच्या पिंजऱ्याला सगळे 'घोडी' म्हणायला लागले. "मावशी, घोड्यांना पाणी दिलं का?" असं चालायचं.

मी हसायचे. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? हा सगळा खटाटोप माझ्यासाठी त्या पाचव्या चौकोनापुरता होता. पीएचडीला पदवी हवी होती, सरांना पेपर. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की मी तो फोन केला असता तर पेंटर वाचला असता का.

रसायनाची बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा मी धूर ओढणाऱ्या कपाटापुढे उभी होते. कपाटाचा पंखा सुरू व्हायच्या आत वासाची एक झुळूक बाहेर आली. गोडसर, डोक्यात जाणारी. संध्याकाळी सातला दारात उभा राहून चपला काढणाऱ्या माणसाची.

"मावशी, मास्क," पीएचडी म्हणाली.

मी लावला, पण जरा उशिरा.

चार आठवडे सगळं शिस्तीत चाललं. रोज सकाळी वजन, वजनाप्रमाणे मात्रा, शेपटीवरच्या खुणा पाहून नोंद. तिसऱ्या गटाचे उंदीर तुकतुकीत राहिले, पिंजरा उघडला की हातावर चढायचे. दुसऱ्याचे आणि पाचव्याचे मरगळत गेले. केस विस्कटलेले, पाठ कमानीसारखी. पाचव्यातला शेपटीवर तीन रेघांचा एक उंदीर मला पाहिलं की कोपऱ्यातून उठायचा प्रयत्न करायचा आणि अर्ध्या वाटेवर बसून राहायचा. पाचव्या आठवड्याच्या सोमवारी त्यांचा अर्क सुरू झाला. मी तीन रेघांच्या त्या उंदराला उचललं, सुई आत सोडली, आणि त्याने निमूट गिळलं. मी त्याला लगेच पिंजऱ्यात सोडलं नाही.

आता खरं सांगते. पाल्याने काही होऊ नये, असंच मला वाटायला हवं होतं. पाचवा गट बरा झाला नाही तर मी सुटले. तो बरा झाला, तर मी एका फोनच्या ऐटीपायी नवरा घालवला. साधा, सरळ हिशोब. मग गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता सगळे गेल्यावर मी फ्रिजमधून अर्काची बाटली का काढली? पाचव्या गटाच्या सहाही उंदरांना सकाळइतकीच मात्रा पुन्हा का पाजली? शुक्रवारी पुन्हा, शनिवारी पुन्हा, रोज? मला स्वतःला वाचवायचं नव्हतं. मला त्यांना वाचवायचं होतं. ते बरे झाले असते तर मी जन्मभर अपराधी ठरले असते, आणि मला ते चाललं असतं. त्याला वाचवता आलं असतं, एवढं तरी कळलं असतं. पाजताना मी बोलायचे त्यांच्याशी. "पी रे, थोडंच राहिलंय. कडू आहे, माहितीय मला." आधी कधी मी उंदरांना असं काही म्हटलं नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळच्या मात्रेनंतर बाटली संपली.

पीएचडीने तीनदा आकडेमोड केली. अर्क शेवटच्या दिवसापर्यंत पुरायला हवा होता, वर थोडा उरायला हवा होता. पोत्यांतला पाला संपला होता, नवा मागवून अर्क काढायला तीन आठवडे लागले असते, आणि मधेच खंड पडला तर तिसऱ्या गटाचेही कष्ट पाण्यात. सरांनी तिला उभ्या उभ्या झापलं. "साधा गुणाकार येत नाही? प्रबंध कसला लिहिताय?" ती मान खाली घालून उभी होती आणि तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "माझंच चुकलं असेल, सर." मी दारात होते. तो पेलाही कुणीतरी असाच निमूट घेतला होता. यापुढे कुणी माझं खोटं असं गिळावं, हे मला सोसवेना.

"तिचं नाही चुकलं," मी म्हणाले. "मी दिला. घोड्यांना. रोज संध्याकाळी, दुप्पट."

सरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग पीएचडी म्हणाली, "मावशी, सहा आठवडे!" आणि तिने आकडेमोडीची वही मिटली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सर ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. "बाई," ते म्हणाले, "वीस वर्षांत तुमच्या हातून एक जनावर वाया गेलं नाही. आज सहा वाया घालवलीत. या सहांच्या आकड्यांवर आता कुणी विश्वास ठेवणार नाही, मीसुद्धा नाही. पाचवा गट प्रबंधातून काढा. आणि पुढचे सहा महिने तुमच्या हातात सुई नाही."

तिसरा गट वाचला. पीएचडीने वनस्पतिशास्त्रवाल्यांकडे ठेवलेल्या नमुन्याच्या पाल्यातून रात्रंदिवस राबून दोन दिवसांपुरता अर्क काढला. मी तिच्या काचा धुऊन देत होते. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण तिने मला हाकललंही नाही. सकाळच्या मात्रा तीच द्यायची. पहिल्याच दिवशी तिला उंदीर चावला. मी औषध लावलं आणि माझं ठरलेलं वाक्य बोलले नाही.

शेवटच्या सकाळी सगळ्या उंदरांना भूल दिली, रक्त काढलं, यकृतं काढून पांढऱ्या तबकांत ओळीने मांडली. पहिल्या गटाची गर्द लाल, गुळगुळीत. दुसऱ्याची फिकट, खरखरीत, दाणेदार. तिसऱ्याची अगदी पहिल्यासारखी नव्हेत, पण बोटांना गुळगुळीत लागणारी. सर चष्मा वर करून त्या तबकावर वाकले आणि म्हणाले, "अरे वा." पीएचडीचे डोळे भरले. आईचा पाला खरा होता. मी लांब उभी राहून पाहत होते.

सगळे जेवायला गेले तेव्हा तिने मला हाक मारली.

"पाचवा गट प्रबंधात नाही," ती म्हणाली. "पण मी त्यांचं रक्त तपासलंय. तुम्ही का दिलंत ते मला माहीत नाही. काहीतरी असणार."

मग मी तिला सांगितलं. पेंटर, थिनर, फोन, मेथी, सगळं. ती ऐकत राहिली. तिने पाचवं तबक माझ्यापुढे सरकवलं. फिकट, खरखरीत, दाणेदार. दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं असतं तर कुठलं कुठल्याचं ते ओळखू आलं नसतं. रक्तातले आकडेही तसेच, निरोगी यकृताला शोभावेत त्याच्या सहापट. तीन रेघांच्या उंदराचं यकृत सगळ्यात वाईट होतं.

"दुप्पट देऊनही काही नाही, मावशी," ती हळू म्हणाली. "उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण इथे तरी असंच दिसतंय. एकदा निबर झालं की हा पाला काही करत नाही. तुम्ही फोन केला असतात तरी..." तिने वाक्य अर्धवट सोडलं. "आता तुमच्या जिवाला स्वस्थता मिळायला हवी."

मिळायला हवी होती. मी वाट पाहिली तिची, दिवसभर, पिंजरे धुताना. ती आली नाही. चार वर्षं रोज सकाळी मी एकच गोष्ट रचत आले होते. मी फोन करते, वन्सं अनवाणी येतात, पाला येतो, तो तोंड वाकडं करून पितो, महिन्याभरात डोळे पांढरे होतात, आणि तो पुन्हा शिडीवर चढून कुणाच्या तरी दुकानाचं नाव लिहायला लागतो. त्या गोष्टीत मी गुन्हेगार होते, पण तो जिवंत होता. रोज सकाळी थोडा वेळ तरी होता. आज सहा उंदरांनी ती गोष्टसुद्धा काढून घेतली. मला सुटका नको होती. मला तो हवा होता.

घरी आल्यावर मी वन्संना फोन लावला. या वेळी बोटं गार पडली नाहीत.

"पाल्याचा निकाल लागला," मी म्हणाले.

"चालतो ना?"

"चालतो, वन्सं. आधीपासून घेतला तर यकृताला सांभाळतो. आईंचं खरं होतं. पण दुखणं मुरल्यावर नाही. दुप्पट देऊन पाहिला मी."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आणि अजून एक आहे," मी म्हणाले. "तुम्हाला वाटतं मी काही दिलंच नाही. मी दिलं. तुम्हाला फोन केला असं खोटं सांगून मेथी पाजली त्याला. सव्वा महिना."

"त्याला कळलं असेल," त्या लगेच म्हणाल्या.

"कळलं होतं."

"आणि बोलला नाही."

"नाही."

"तो तसाच. शाळेत मार खाऊन यायचा तरी घरी सांगायचा नाही." त्यांनी नाक ओढलं. "म्हणजे मी पाला घेऊन आले असते तरी..."

"तरी नाही, वन्सं."

"चार वर्षं मी तुला बोल लावत होते गं," त्या म्हणाल्या. "उठल्यापासून. भांडी घासताना, पाणी भरताना, वाटेने जाताना मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. आता मी कुणाशी भांडू?"

"माझ्याशीच भांडा की," मी म्हणाले. "मला सवय झालीय."

"आता नाही जमायचं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "आता नुसता तो आठवतो गं."